पहाटेच्या उलटीत कालची मिरची : मधुमेह आणि मंदावलेल्या जठराचं एक प्रकरण

डिसेंबरातल्या एका पहाटे पाच वाजता आप्पांना उलटी झाली. त्यांच्या पत्नी, म्हणजे माय, अंगणातल्या दिव्याखाली ती साफ करत होत्या, तेव्हा त्यांना हिरव्या मिरचीचा एक अख्खा तुकडा दिसला आणि त्या थबकल्या. रात्री आप्पा नुसतं ताक पिऊन झोपले होते. मिरची होती आदल्या दुपारच्या भरतातली. म्हणजे खाऊन सोळा तास होऊन गेले होते. आठवड्याभराने माझ्यासमोर बसल्यावर मायनी सगळ्यात आधी हेच सांगितलं, "कालनी मिरची शे ती ताई, मी वळखी लिधी." आप्पांच्या फाइलीत तेव्हा चाळीसेक कागद होते. पण निदानाचं दार उघडलं ते मायच्या या एका वाक्याने.

मी आहारतज्ज्ञ आहे. खान्देशातल्या मधुमेही माणसांच्या ताटात काय असतं आणि काय असावं, हे बघणं माझं रोजचं काम. हे प्रकरण मी आप्पा आणि मायच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायचं मोठं कारण असं की यात पहिली चूक माझी होती.

आप्पा ५८ वर्षांचे. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या गावी कापूस आणि दादर ज्वारीची शेती. मधुमेह १७ वर्षांचा, त्यातली शेवटची सहा वर्षं इन्सुलिनवर. प्रीमिक्स म्हणजे झटपट आणि सावकाश काम करणारं एकत्र मिसळलेलं इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ, शिवाय साखरेच्या दोन गोळ्या : मेटफॉर्मिन आणि जेवणाआधी व्होग्लिबोज. डोळ्याच्या पडद्याला लेझर झालेला. पायांना मुंग्या, रात्री तळव्यांची आग. माझ्याकडे पहिल्यांदा आले ते नोव्हेंबरात. तक्रार एकच : "पोटात गॅस धरतो आणि साफ होत नाही." एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.४. वजन ६३ किलो, वर्षभरापूर्वी ७१ होतं. वजन उतरलंय ते साखर वाढल्यामुळे, असं मी गृहीत धरलं.

आपल्याकडे 'गॅस' हा शब्द फार मोठं पोतं आहे. ढेकर, फुगारा, मळमळ, छातीतली जळजळ, बद्धकोष्ठ, कधीकधी हृदयाचं दुखणंसुद्धा लोक त्यातच कोंबतात. ऐकणाऱ्याने ते पोतं सोडून बघायचं असतं. मी ते सोडलं नाही. बद्धकोष्ठ आणि वाढलेली साखर दिसली आणि माझ्या तोंडून पाठ झालेला सल्ला निघाला : जेवणाआधी काकडी-टोमॅटो-मुळ्याची कोशिंबीर, मोड आलेली मटकी, रात्री दोन चमचे इसबगोल, भात बंद, ज्वारी-बाजरीची भाकरी चालू. रात्री भिजवलेले मेथीदाणे ते आधीपासून चावून खात होतेच, ते तसेच चालू ठेवले. एरवी दहापैकी नऊ जणांना मी हेच सांगते, आणि त्या नऊ जणांसाठी ते बरोबरही असतं. चोथ्यामुळे साखर हळू चढते, पोट साफ राहतं, भूक ताब्यात राहते.

तीन आठवड्यांनी आप्पा परत आले ते मायच्या खांद्याला धरून. वजन ६२. ओठ कोरडे. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "ताई, दोन घास खादात का पोट भरी जास." आणि मग मायनी मिरचीचं सांगितलं.

या वेळी मी पेन बाजूला ठेवलं आणि पहिल्या भेटीत विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. किती घासांत पोट भरतं? अर्ध्या भाकरीत. जेवल्यावर किती वेळ जड वाटतं? झोपेपर्यंत, कधीकधी सकाळीसुद्धा. उलटीत काय दिसतं? जसंच्या तसं अन्न : टोमॅटोची सालं, मटकीचे दाणे, मेथीदाणे फुगून मऊ झालेले पण अख्खे. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी? हो, मळ्यात दोनदा पडता पडता वाचले. आडवं झोपवून रक्तदाब घेतला तर वरचा आकडा १४८, उभं करून तीन मिनिटांनी ११८. पायाच्या मज्जातंतूंचं तर आधीपासून माहीतच होतं. आता दिसत होतं की आतले, आपोआप चालणारे मज्जातंतूही झिजले आहेत.

मला खरं हलवून सोडलं ते साखरेच्या वहीने. आप्पांचा मुलगा बारावीला आहे, तो तारीख-वेळ घालून नीटस वही ठेवतो. त्यात आठवड्यात तीन-चार वेळा रात्री साडेनऊच्या सुमाराला ५५, ६०, ५२ असे आकडे. आणि त्याच रात्रीनंतरच्या सकाळी २८०, २९५. सकाळची साखर जास्त म्हणून संध्याकाळचं इन्सुलिन दोन महिन्यांत तीनदा वाढवलं गेलं होतं. डोस वाढला की रात्रीची साखर आणखी खाली जायची आणि सकाळची आणखी वर. घरच्यांना वाटायचं, आप्पा चोरून काहीतरी खातात. मायनी एकदा त्यांच्या बंडीचे खिसेसुद्धा तपासले होते. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

कोणी काही चोरून खात नव्हतं. आप्पा सव्वासातला इन्सुलिन घेत, पावणेआठला जेवत. इन्सुलिन ठरल्याप्रमाणे नऊ-दहाच्या सुमाराला जोरात काम करायला लागे, पण भाकरी अजून जठरातच पडून असे. रक्तात साखर आलेलीच नसे, मग ती घसरणारच. मध्यरात्रीनंतर जठर सावकाश रिकामं व्हायला लागलं की तेच अन्न साखर होऊन रक्तात उतरायचं, आणि तोवर इन्सुलिनचा जोर ओसरलेला असायचा.

आणखी एक गाठ होती. साखर उतरली की घरचे वाटीभर पाण्यात साखर घालून पाजत, आणि तरी अर्धा-अर्धा तास घाम थांबत नसे. व्होग्लिबोज हे औषध आतड्यात साखरेचं विघटन अडवतं, तेच त्याचं काम. त्यामुळे ते घेणाऱ्याला आपली नेहमीची साखर, पेढा, गूळ पटकन वर आणत नाही. अशा वेळी मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडरच लागते. हे औषध दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीत मिसळून किती जणांना दिलं जातं आणि त्यातल्या किती कमी घरांत ग्लुकोजचा डबा असतो, हे बघून माझा जीव तुटतो.

मी त्याच दिवशी त्यांना त्यांच्या फिजिशियनकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं : गॅस्ट्रोपरेसिसची शंका.

म्हणजे जठराचा अर्धांगवायूच म्हणा ना. जठराच्या भिंतीचे स्नायू अन्न घुसळतात, दळतात, आणि एक-दोन मिलिमीटरचे कण झाले की पुढे ढकलतात. या गिरणीला वीज पुरवते ती व्हेगस नावाची नस. वर्षानुवर्षांच्या चढ्या साखरेने ती नस झिजते, शिवाय जठराच्या भिंतीतल्या ठोका देणाऱ्या पेशीही कमी होतात. मग दळण अर्धवट राहतं आणि फाटक उघडत नाही. पातळ पदार्थ बऱ्याचदा तरीही उतरतात, घट्ट अडकतात. अमेरिकेतल्या पॉल कॅसँडर या डॉक्टरांनी १९५८ साली मधुमेहातल्या या अवस्थेला नाव दिलं. हा आजार सरसकट नाही. मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीतल्या नोंदींनुसार दहा वर्षांत टाइप १ च्या साधारण ५ टक्के आणि टाइप २ च्या १ टक्का लोकांत तो नव्याने आढळला. पण भारतात २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे मधुमेही १० कोटींहून जास्त आहेत. त्यातला एक टक्का मोजून बघावा.

निदान मात्र शंकेवर ठरत नाही. मधुमेह्याच्या पोटाची तक्रार बहुतेक वेळा साधी असते, आणि पहिला संशय गोळ्यांवरच घ्यायचा. मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब, गुडगुड होते. जेवणासोबत घेतली, हळू विरघळणारी गोळी दिली की बऱ्याच जणांचं थांबतं. व्होग्लिबोजने वायू धरतो. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं तर जठर मुद्दामच मंद करतात. फिजिशियननी व्होग्लिबोज बंद केलं, मेटफॉर्मिन दोन आठवडे थांबवून पाहिलं. फुगारा थोडा कमी झाला, भरलेपण तसंच. थायरॉइड ठीक. बी १२ कमी निघालं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते होऊ शकतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. जळगावला एंडोस्कोपी झाली : बारा तासांच्या उपासानंतरही जठरात अन्न, पण वाटेत कुठे गाठ, व्रण किंवा अडथळा नाही. मग मुंबईला जाऊन जठर रिकामं होण्याचा स्कॅन केला. त्यासाठी किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं ठरावीक जेवण देतात आणि चार तास फोटो घेतात. मूळ पद्धतीत अंड्याच्या पांढऱ्या भागाचं सँडविच असतं. आप्पा माळकरी, अंडं खात नाहीत, म्हणून इडलीवर झाला. चार तासांनी जठरात १० टक्क्यांपेक्षा जास्त उरायला नको. आप्पांच्या पोटात ३४ टक्के होतं.

या स्कॅनआधी एक गोष्ट उजेडात आली. आप्पा वर्षभर रोज सकाळी 'गॅसची कॅप्सूल' घेत होते, कुणाच्या चिठ्ठीशिवाय, मेडिकलमधून. त्यात डोमपेरिडोन होतं, जे जठराची हालचाल वाढवतं. चाचणीआधी असली औषधं थांबवावी लागतात. शिवाय ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, म्हणून युरोपातल्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आपल्याकडे ते चिवड्यासारखं विकत मिळतं. पुढे फिजिशियननी ईसीजी बघून ते ठरावीक मुदतीसाठी दिलं. डॉक्टरांनी असं मोजून दिलेलं औषध आणि आप्पा स्वतःहून खात होते ती कॅप्सूल, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता माझं काम सुरू झालं, आणि पहिलं काम होतं माझाच सल्ला मागे घेण्याचं. आप्पांना मी सरळ सांगितलं, "आप्पा, मी दिलेली कोशिंबीर, इसबगोल, मटकी, सगळं बंद. तुमच्या पोटासाठी ते चूक होतं." चोथा जठरात साचला की त्याचा गोळासुद्धा बनू शकतो. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग मेथ्या बी बंद?" हो, मेथ्या बी बंद.

स्वीडनमध्ये २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इन्सुलिन घेणारे आणि जठर मंदावलेले ५६ मधुमेही. निम्म्यांना मधुमेहाचा नेहमीचा आहार, निम्म्यांना बारीक कणांचा आहार : काट्याने चेपलं की मऊ लगदा होईल असंच अन्न. २० आठवड्यांनी बारीक कणवाल्यांची मळमळ-उलटी, भरलेपण, फुगारा स्पष्ट कमी झाले. पोटदुखीत फरक पडला नाही. मला या अभ्यासात भावतं ते हे की गिरणी बिघडली तर दळण बाहेर करून आत पाठवा, इतकी साधी गोष्ट त्यांनी नीट तपासली. आणि हे दळण मायच्या हातात होतं.

पहिले दोन आठवडे पातळच ठेवलं. दिवसातून सहा वेळा, एका वेळी एक मोठी वाटी, त्याहून जास्त नाही. तांदळाची पेज, त्यात मुगाची डाळ घोटून गाळलेली. अर्धा लिटर दूध दिवसभरात वाटून. गोड दही घुसळून. सोलून, बिया काढून शिजवलेल्या दुधीचं आणि डांगराचं सार. मऊ पनीर वाटून सारात. वस्त्रगाळ केलेल्या ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. पिकलेलं अर्धं केळं दुधात कुस्करून. केळं म्हटल्यावर मुलगा दचकला. रावेर-यावलचं केळं दारात आणि मधुमेह्याला ते वर्ज्य, अशी घरोघरी समजूत. अर्धं केळं म्हणजे बारा-तेरा ग्रॅम कर्बोदकं, ती आम्ही मोजली आणि इन्सुलिनमध्ये धरली. प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या आसपास बसली. तूप एक चमचा पेजेत, कारण दूध-तुपातला स्निग्धांश असं पोट बऱ्यापैकी सोसतं. शेवभाजीची तर्री, तळलेली शेव, डुबुक वडे मात्र नाहीत. तळणाचं तेल जठराला आणखी सुस्त करतं. बिडीही तेच करते, तीही सोडायची होती. जेवून ताठ बसायचं, मग अंगणात पंधरा मिनिटं चक्कर, दोन तास आडवं व्हायचं नाही.

पेज आणि मऊ भाताने साखर वाढणार नाही का, हे मायनी विचारलं. रास्त प्रश्न. वाढू शकते. पण उलटीत जाणारी भाकरी साखरही देत नाही आणि जीवही राखत नाही. शिवाय साखर फार चढली की तीच जठराला आणखी मंद करते, म्हणून इन्सुलिनची घडी बदलणं गरजेचं होतं. फिजिशियननी प्रीमिक्स बंद करून एक दीर्घकाळ चालणारं आणि एक झटपट लागू होणारं, अशी जोडी दिली. झटपटवालं जेवणाआधी न घेता जेवणानंतर, किती पोटात गेलं ते बघून. मुलाच्या वहीत 'खाल्लं किती' असा नवा रकाना आला. आणि उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात ग्लुकोजचा डबा.

दहाव्या दिवशी उलट्या थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात आम्ही मऊ घट्टाकडे वळलो : घोटलेला वरण-भात, वरणात पूर्ण विरलेला फुलका. कळण्याची भाकरी आप्पांनी तीनदा मागितली. ज्वारी आणि उडीद दोन्ही सालासकट दळलेले, त्यामुळे मी अडले. मग मायनीच वाट काढली. सालं काढलेली उडदाची डाळ आणि दादर वेगळं बारीक दळून आणलं, पीठ ओढणीतून चाळलं, पातळ भाकरी केली, वरचा पापुद्रा काढून टाकला आणि आतला मऊ भाग गरम दुधात कालवला. तो वाडगा त्या मला दाखवायला दवाखान्यात घेऊन आल्या. मी काट्याने चेपून पाहिलं. एकही गाठ नव्हती.

भरताचं दुःख मोठं होतं. हिवाळ्यात आमच्याकडे मळ्यात भरीत-भाकरीच्या पंगती बसतात. काट्याकुट्यांच्या जाळावर हिरवी लांबट वांगी भाजली जातात, मिरच्या-लसूण ठेचला जातो, तेल सढळ, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. आप्पा त्या पंगतीत भरीत ठेचणारे. त्या हिवाळ्यात ते गेलेच नाहीत. भरताचा विचार करता मला वाटलं, ही तर मुळात ठेचलेली, चेपलेलीच भाजी. अडचण सालाची, बियांची, दाण्यांची, पातीची आणि तेलाची. म्हणून साल पूर्ण काढून, गर चाळणीतून घासून, मिरची-लसणाचा ठेचा फडक्यात पिळून नुसता रस, तेल एक चमचा, दाणे-पात काही नाही. पहिल्यांदा दोन चमचे दिले. आप्पा म्हणाले, वास तरी तोच आहे.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वजन ६५. एचबीए१सी ७.८. रात्रीची घसरण दोन महिन्यांत एकदाच, तीही ग्लुकोजने वीस मिनिटांत सावरलेली. आमरस त्यांनी अर्धी वाटी, गाळून खाल्ला. खापरावरची पुरणपोळी सगळ्यांनी खाल्ली तेव्हा ते मळ्यात निघून गेले होते, असं मुलाने मला नंतर सांगितलं.

मग श्रावणात कानबाई, ही आमची खान्देशची देवी, घरी बसली. कानबाईचे रोट बाहेरच्याला देत नाहीत, घरच्यांनी, भाऊबंदांनीच ते संपवायचे. आप्पा घरातले थोरले. त्यांनी दोन दिवस रोट खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू, साखर ३८०, लघवीत कीटोन्स (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागल्याची खूण), सलाइनवर चार दिवस. मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मला राग आला नाही. कानबाईच्या आठवडाभर आधी मी स्वतः त्यांना फोन करून विचारायला हवं होतं : आप्पा, रोटांचं काय ठरवलंय? आहाराचा कागद लिहिताना वर्षभराचे सण समोर ठेवायला हवेत, हे मी तेव्हापासून करते. रोट दुधात रात्रभर भिजवून, घोटून, चमचाभर प्रसाद म्हणून घेता आला असता. हे मायना मी आता लिहून दिलं आहे.

पुन्हा पेजेपासून सुरुवात केली. या खेपेला सात आठवडे लागले. स्कॅन परत केलेला नाही, कारण त्याने उपचारात काही बदललं नसतं. नस पूर्ववत होईल असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. जड दिवस अजूनही येतात. त्या दिवशी ते न बोलता पातळावर जातात आणि वहीत 'आज पेज' असं लिहितात.

गेल्या मार्चमध्ये माय एक झाकण लावलेला स्टीलचा डबा घेऊन आल्या. घरात बिबडे करायला घेतले होते. त्यासाठी ज्वारीचा कोंडा काढतात, ती भिजवतात, वाटतात आणि मोठ्या पातेल्यात शिजवतात. पापड थापायच्या आधीचा तो गरम घाटा पोरं वाटीत घेऊन तेल घालून खातात. मायनी तीळ-जिरं घालायच्या आधीच दोन वाट्या बाजूला काढल्या होत्या. डब्याचं झाकण उघडलं तर वाफ अजून येत होती. काटा माझ्या टेबलाच्या खणात असतोच. मी तो काढेपर्यंत आप्पांनी बोटाने चेपून पाहिलंसुद्धा.

"ताई, हाई चालीन?"

चालेल, म्हटलं. एक वाटी. आणि वहीत लिहा.